राहून गेलेले दोन सोमवार

गल्लीत तिला सगळे मीटरबाई म्हणत. खरं नाव कुणी विचारलं नव्हतं आणि तिनंही सांगायची तसदी घेतली नव्हती. गळ्यात एक पिवळं यंत्र अडकवून ती बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात दिवसभर हिंडायची. जमिनीतून गुडघाभर वर आलेल्या पाइपांची टोपणं उघडायची, यंत्राची नळी आत सोडायची आणि आकडा वहीत लिहायची. येणाजाणाऱ्यांना वाटे, पाण्याचं मीटर बघत असेल.

कारखान्यात एके काळी यंत्रांचे सुटे भाग बनत. भाग धुवायला पेट्रोलसारखं पातळ तेल लागे आणि ते साठवायला जमिनीखाली चार टाक्या पुरलेल्या होत्या. त्या कधी गंजल्या आणि किती वर्षं गळत राहिल्या, याचा कुणाला पत्ता लागला नाही. कारखाना बंद झाल्यावर टाक्या उपसल्या, वरची काळी माती ट्रक भरभरून नेली. पण खाली पाच मीटरवर, जमिनीतल्या पाण्यावर तेलाचा थर तरंगत राहिला होता. तो खणून काढायचा तर अर्धी गल्ली पाडावी लागली असती. म्हणून मग दोन यंत्रं बसवली. एक पाण्याखाली हवा सोडायचं. बुडबुड्यांबरोबर तेलाची वाफ होऊन वर यायची. दुसरं यंत्र ती वाफ दुसऱ्या पाइपांतून ओढून कोळशाच्या पिंपात घालायचं, म्हणजे तेल कोळशात अडकायचं आणि स्वच्छ हवा बाहेर जायची.

मीटरबाईनं त्यांची नावं ठेवली होती, फुंक्या आणि ओढ्या. नियम एकच होता. ओढ्या नेहमी फुंक्यापेक्षा वरचढ राहिला पाहिजे. फुंक्याचं जास्त झालं तर वाफ जिकडे फट सापडेल तिकडे जाणार.

आवाराच्या भिंतीला लागून एक तीन मजली इमारत होती. तिच्या तळघरात पुस्तकबांधणीचं दुकान होतं, आणि ते दुकान होतं मीटरबाईच्या नणंदेच्या सासऱ्याचं. नणंद म्हणजे नवऱ्याची धाकटी बहीण; घरात सगळे तिला धाकटीच म्हणत. स्वतःचा नवरा वारल्यापासून धाकटी सासऱ्याबरोबर दुकान बघत होती. तीन वर्षांपूर्वी ही सफाई सुरू व्हायची होती तेव्हा गल्लीतले लोक बिथरले होते. सभा भरली, आवाज चढले. तेव्हा मीटरबाई उठून उभी राहिली होती. "माझी सख्खी नणंद ह्या भिंतीला पाठ लावून रोज आठ तास बसते. धोका असता तर मी तिला बसू दिलं असतं का?" लोक गप्प झाले, आणि कामाला परवानगी मिळाली.

दर सोमवारी तळघर तपासायचं असं ठरलं होतं. तीन वर्षं ती जात होती आणि तीन वर्षं यंत्रावर शून्य दिसत होतं. गेले दोन सोमवार मात्र ती गेली नव्हती. पहिल्या सोमवारी एक पंप बिघडला म्हणून राहिलं. दुसऱ्या सोमवारी खरं तर वेळ होता. पण त्याच्या आदल्या रविवारी धाकटी घरी आली होती आणि डोकं दुखतं म्हणून तासभर कुरकुरली होती. "अगं, बारीक काम करतेस, चाळिशी लागली असेल. डोळे तपासून घे," असं मीटरबाई म्हणाली होती. परत तेच रडगाणं ऐकायला नको, शून्यच तर असतं तिथं, असं मनाशी म्हणून तिनं तो सोमवार सोडून दिला.

त्या बुधवारी सकाळी नऊला ती आवारात शिरली आणि दारातच थबकली. ओढ्याचा आवाज नेहमीचा नव्हता. रोज तो एका सुरात घों घों करायचा. आज घशात काही अडकल्यासारखा गुरगुरत होता. हवेबरोबर येणारं पाणी अडवायला ओढ्याच्या पाइपावर एक डबी होती, तिनं तिचं झाकण काढलं. आत पाणी. गुडघ्याएवढ्या उंचीच्या काचेच्या नळीत पाणी वरपर्यंत चढलं होतं. ओढ्या हवेऐवजी पाणी गिळत होता आणि त्याच्या तबकडीवरचा काटा अर्ध्यावर आला होता.

पाणी आलं कुठून हे तिला लगेच उमगलं. पलीकडच्या रिकाम्या जागेत नवी इमारत उठत होती. पायाच्या खड्ड्यातलं पाणी तिथं दोन महिने रात्रंदिवस उपसत होते. काल पाया भरून झाला आणि त्यांनी उपसा थांबवला. रात्रीतून जमिनीतलं पाणी परत वर चढलं आणि ओढ्याचे पाइप बुडाले. फुंक्या मात्र ठणठणीत होता. उलट पंधरा दिवसांपूर्वी साहेबांनीच त्याचा दाब वाढवायला सांगितलं होतं, भिंतीजवळच्या पाइपाचा. काम रखडलंय, वरून विचारणा होतेय म्हणून.

म्हणजे रात्रभर फुंक्या फुंकत होता आणि ओढणारं कुणी नव्हतं.

तिनं धावत जाऊन फुंक्या बंद केला. मग भिंतीजवळच्या तपासणीच्या पाइपाशी गेली, टोपण उघडलं, नळी सोडली. ह्या पाइपात कधी दोन, कधी तीन यायचे. यंत्र दहाला पिपाणी वाजवायचं. ते वाजलं. आकडा चढत चढत साठावर जाऊन थांबला. शंभर म्हणजे ठिणगी पडली की पेट.

 भिंतीपलीकडे हातभर अंतरावर तळघर होतं.

तिनं साहेबांना फोन लावला. साहेब म्हणजे मुख्य कचेरीतले इंजिनिअर. आठवड्यातून दोनदा येत. तीनदा लावल्यावर उचलला.

"मीटिंगमध्ये आहे. काय झालं?"

तिनं दोन वाक्यांत सांगितलं.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा, दार लागल्याचा आवाज आला. मग साहेब दबक्या आवाजात म्हणाले, "फुंक्या बंद केलात ना? मग झालं. मी अर्ध्या तासात निघतो. तोवर तुम्ही नुसतं जाऊन बघून या. कुणाला काही बोलू नका. उगाच घबराट नको. मागच्या वेळची सभा आठवतेय ना?"

"साहेब, तिथं सरसाचं भांडं असतं. तापवायचं. विजेवरचं."

"बघून या म्हटलं ना," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आवाराच्या फाटकापासून इमारतीचं दार दीडशे पावलांवर होतं. तिनं ती पावलं कशी टाकली ते तिला नंतर आठवलं नाही. एवढंच आठवलं की चालताना ती स्वतःला समजावत होती. भिंत जाड आहे. तळघराची फरशी धड आहे. शून्य असेल. शून्यच असतं.

तळघराच्या दारात तिनं खिशातला फोन काढून, त्याचीही ठिणगी नको म्हणून, बाहेर कट्ट्यावर ठेवला. जिना चौदा पायऱ्यांचा. यंत्र हातात धरून ती उतरू लागली. चौथ्या पायरीवर आकडा तीन झाला. आठव्या पायरीला नऊ. दहाव्या पायरीवर यंत्र केकाटलं.

तळघर लांबट होतं. ट्यूबलाइट लावलेल्या. एका भिंतीशी पुठ्ठ्यांची चळत, दुसऱ्या भिंतीशी लोखंडी प्रेस, मधे लांब टेबल. टेबलाच्या टोकाला धाकटीचे सासरे, बाइंडरकाका, उभे राहून पुस्तकाच्या कण्याला ब्रशनं सरस लावत होते. धाकटी खाली सतरंजीवर बसून सुई-दोऱ्यानं पानं शिवत होती. नाकावर नवाकोरा चष्मा. वर दुकान असलेल्या चष्मेवाल्यानं कालच करून दिलेला. टेबलाच्या मधोमध सरसाचं भांडं बसवलेलं होतं. त्याच्या पोटावरचा लाल दिवा तेव्हा विझलेला होता.

"वहिनी! आज बुधवार, आज कशी?" धाकटी म्हणाली. "आणि हे काय कोकलतंय?"

मीटरबाईनं नळी फरशीजवळ नेली. बावीस. मोरीच्या तोंडाशी नेली. एकोणचाळीस.  तेलाची वाफ जड असते, ती खाली बसते. म्हणजे सतरंजीवर. म्हणजे धाकटी बसली होती बरोब्बर तिथं.

"ऐक," ती म्हणाली. आवाज शक्य तितका साधा ठेवला. "जे हातात आहे ते तिथंच ठेव आणि वर चल. काका, तुम्हीपण. आत्ता. आणि कशाला हात लावू नका. दिवासुद्धा बंद करू नका. बटण दाबू नका."

"का ग?"

"तेलाची वाफ आत आलीय. ठिणगी पडली तर पेटेल."

धाकटीनं एकदम श्वास आत ओढला, जणू आत्ता वास येईल म्हणून. "तरी मी म्हणत होते काहीतरी वास येतोय... मला वाटलं नव्या सरसाचा."

बाइंडरकाकांनी ब्रश थांबवला नाही. "हे चौदा कणे ओले आहेत. आत्ता सोडले तर सुकतील आणि सगळी पुस्तकं परत उसवावी लागतील. ग्रंथालयाला शुक्रवारी द्यायचीत. दहा मिनिटं थांब, बाई."

"काका, दहा मिनिटं नाहीत."

"तुझं यंत्र बिघडलंय. मला काही वास येत नाही."

"बाबा," धाकटी म्हणाली, "तुम्हाला गेल्या चार वर्षांत कसलाच वास आलेला नाही. दूध करपून काळं झालं तरी तुम्ही शेजारी बसून पेपर वाचत होतात."

एरवी मीटरबाईला हसू आलं असतं. पण तिची नजर सरसाच्या भांड्यावर खिळली होती. ते भांडं तिनं तीन वर्षं पाहिलं होतं. सरस थंड व्हायला लागला की ते आपोआप चालू व्हायचं. टक् असा आवाज व्हायचा आणि लाल दिवा लागायचा. पुरेसं तापलं की परत टक्, आणि दिवा विझायचा. टक् म्हणजे आत दोन पत्रे एकमेकांना चिकटणं आणि सुटणं. पत्रे सुटताना बारीकशी ठिणगी पडते. मीटरबाईचा नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. असल्या गोष्टी त्यानं तिला जेवताना हजारदा सांगितल्या होत्या आणि तिनं हजारदा 'हं' म्हणून ऐकल्या होत्या.

दिवा विझून किती वेळ झाला असेल? तिला माहीत नव्हतं. प्लग ओढून काढायचा तर तीही ठिणगीच.

टेबलाच्या उंचीवर नळी धरली. अकरा. टेबलावर अकरा म्हणजे अजून पेटायला बरंच बाकी आहे, असं कागदावर तरी होतं. पण ह्या तळघरात कुठे अकरा होते आणि कुठे कोपऱ्यात पन्नास दडले होते, हे कुणी सांगावं?

"काका," ती म्हणाली, "मी तुमच्या पाया पडते. वर चला."

"अगं पण..."

टक्.

लाल दिवा लागला.

तिघंही जागच्या जागी गोठली. मीटरबाईनं डोळे मिटले नव्हते. ती नंतर म्हणायची की मिटायला हवे होते पण मिटलेच नाहीत. भांड्यातल्या सरसावर एक बुडबुडा आला आणि फुटला. बाकी काही झालं नाही. ट्यूबलाइटची गुणगुण तशीच चालू होती.

आता ते बंद होताना परत वाजणार होतं. पाच मिनिटांत, नाहीतर सहा.

बाइंडरकाकांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. यंत्रावर त्यांचा विश्वास नव्हता, पण त्या चेहऱ्यावर बसला असावा. त्यांनी ब्रश अलगद टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "माझा गुडघा. पायऱ्यांना वेळ लागतो."

दोघींनी त्यांना दोन्ही काखांत धरलं. चौदा पायऱ्या. म्हातारा दर पायरीवर उजवा पाय ठेवायचा, डावा त्याच्या शेजारी आणायचा आणि दम घ्यायचा. धाकटी रडवेली होऊन "बाबा चला, बाबा चला" म्हणत होती. मीटरबाई मनात आकडे मोजत होती, आणि मोजता मोजता मधेच चुकत होती आणि परत पहिल्यापासून सुरू करत होती. नवव्या पायरीवर काकांची चप्पल निसटून खाली गेली. ते वळायला लागले. "राहू दे!" मीटरबाई ओरडली. आयुष्यात त्या माणसावर ती कधी ओरडली नव्हती.

बाहेर उन्हात आल्यावर तिनं दोघांना रस्त्यापलीकडे उभं केलं आणि परत इमारतीत शिरली. वर दोन बिऱ्हाडं होती. एका घरी कुणी नव्हतं. दुसऱ्या घरातली बाई ओल्या केसांनीच पोराला कडेवर घेऊन खाली आली. काय झालं, का झालं, काही विचारलं नाही. चष्मेवाला मात्र गिऱ्हाइकाला काच लावून 'डावीकडची ओळ वाचा' म्हणत होता.

"इमारतीचा मुख्य स्विच कुठाय?" तिनं विचारलं.

"दाराशी. ह्या फळीमागे. का?"

तिनं आधी गिऱ्हाइकाला बाहेर घालवलं. मग नळी जमिनीशी, भिंतीच्या फटीशी, फळीशी धरली. शून्य. परत धरली. शून्य. तरी तिचा हात पुढे होईना. हे शून्य खरं कशावरून? गेली तीन वर्षं ज्या शून्यावर ती विसंबली होती तेही ह्याच यंत्राचं होतं. स्विच ओढला तर इथं ठिणगी पडेल. नाही ओढला तर खाली भांडं टक् करेल. तिनं तिसऱ्यांदा नळी धरली. शून्य. "तुम्ही बाहेर जा," ती चष्मेवाल्याला म्हणाली, आणि तो गेल्यावर दांडी दोन्ही हातांनी धरून खाली ओढली.

दुकानातले दिवे गेले. पंखा फिरत फिरत थांबला. एवढंच.

रस्त्यावर येऊन तिनं कट्ट्यावरचा फोन उचलला आणि अग्निशमनाला लावला. पत्ता सांगताना तिची जीभ इतकी अडखळली की पलीकडच्या माणसाला तीनदा विचारावं लागलं.

साहेब पोचले तेव्हा गल्लीच्या तोंडाशी दोन लाल गाड्या उभ्या होत्या, दोरी बांधली होती आणि दोरीमागे सगळी गल्ली जमली होती. जवानांनी मोठा पंखा जिन्याच्या तोंडाशी लावून तळघरातली हवा बाहेर काढायला सुरुवात केली होती. पंख्याचं इंजिन रस्त्यावर आणि लांबच लांब कापडी नळ खाली. त्यांच्या प्रमुखानं स्वतःचं यंत्र आत नेऊन मोजलं होतं. मोरीपाशी एकेचाळीस. तो वर आला आणि मीटरबाईला म्हणाला, "बाहेर काढलंत ते बरं केलंत." तिला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं. तिला राहून गेलेले दोन सोमवार आठवले.

"मी तुम्हाला कुणाशी बोलू नका म्हणालो होतो," साहेब तिला बाजूला घेऊन दात आवळून म्हणाले.

"हो."

"आणि हे काय मग?"

"हे मी कुणाशी तरी बोलले," ती म्हणाली.

संध्याकाळच्या सुमाराला आवारातल्या पत्र्याच्या खोलीत दोघं बसली. टेबलावर तिची वही उघडी होती. साहेबांचा राग आता ओसरला होता आणि त्याची जागा भीतीनं घेतली होती. ते घाबरले की मऊ बोलत. त्यांनी वहीची पानं मागे उलटली आणि बोट एका जागी थांबलं.

"हे दोन सोमवार रिकामे आहेत."

"मी गेले नव्हते."

"हं." त्यांनी पेनाचं टोपण काढून पेन तिच्या बाजूला सरकवलं. "तिथं नेहमी शून्यच असतं. त्या दिवशीही शून्यच असणार. पाणी तर काल रात्री चढलं. त्याआधीचं काय? दोन शून्यं आहेत, बाई. उद्या चौकशी बसेल. नोकरी तुमची आहे, घर तुमचं आहे."

तिनं पेन घेतलं. खरं सांगायचं तर क्षणभर पेनाचं टोक कागदाला टेकलंही. पण तिला धाकटीचं डोकं आठवलं. डोकं दुखायला लागून दहा-बारा दिवस झाले होते, एक रात्र नव्हे. म्हणजे दाब वाढवला तेव्हापासूनच थोडी थोडी वाफ आत झिरपत असणार. ती त्या दोन सोमवारी गेली असती तर यंत्रावर तीन दिसले असते, चार दिसले असते. शून्य नक्कीच दिसलं नसतं. सगळं तेव्हाच थांबलं असतं.

तिनं दोन्ही ओळींत एकच लिहिलं. तपासणी केली नाही. खाली सही केली. मग पेन ठेवून म्हणाली, "आणि साहेब, दाब वाढवा म्हणून तुमचा मेसेज आला होता, तोही जोडते अहवालाला."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "जोडा," ते शेवटी म्हणाले. "नाही म्हटलं तरी जोडणारच आहात."

घरी गेली तर नवरा दारातच उभा होता. त्याला बहिणीचा फोन येऊन गेला होता. त्यानं ताट वाढलं, समोर बसला.  धाकटीला आणि काकांना दवाखान्यात नेलं होतं, रक्त घेतलं होतं, अहवाल परवा मिळणार होता. मीटरबाईनं धाकटीला सात वेळा फोन लावला. सातही वेळा वाजून वाजून बंद झाला.

"ती चिडलीय," नवरा म्हणाला. "चिडू दे. जिवंत आहे म्हणून चिडलीय."

"रक्तात काही निघालं तर?"

त्यानं तिचं न जेवलेलं ताट झाकून ठेवलं.

ते दोन दिवस तिनं कसे काढले ते तिलाच ठाऊक. ह्या तेलातली एक वाफ रक्तात भिनते आणि वर्षानुवर्षांनी त्रास देते, हे तिला प्रशिक्षणात शिकवलेलं होतं. तेव्हा तिनं ते परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. आता प्रत्येक ओळ डोळ्यांसमोर येत होती. स्वयंपाक करताना मीठ दोनदा पडायचं. फोन वाजला की छाती धडधडायची आणि नाही वाजला की जास्तच.

तिसऱ्या दिवशी धाकटी स्वतःच आली. दारात उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही. हातात दवाखान्याचा लिफाफा.

"बाबांचं सगळं ठीक आहे," ती म्हणाली. "माझं रक्त थोडं कमी भरलंय. डॉक्टर म्हणाले, आता त्या हवेत जायचं नाही, औषध घ्यायचं, सहा महिन्यांनी परत तपासायचं. घाबरण्यासारखं नाही म्हणाले."

 तिनं दाराची चौकट धरली.

"मी तुला सांगितलं होतं, वहिनी," धाकटी पुढे म्हणाली. आवाज चढवला नाही, तेच जास्त झोंबलं. "ह्याच घरात बसून सांगितलं होतं, डोकं दुखतंय म्हणून. तुझ्या गळ्यात ते यंत्र आहे. तू मला चष्मा करायला पाठवलंस."

"हो."

"सभेत तू उठून म्हणालीस, माझी नणंद बसते तिथं. माझ्या नावावर परवानगी मिळवलीस. मग माझ्याकडे बघायला तुला दोन सोमवार मिळाले नाहीत?"

मीटरबाईला बोलण्यासारखं बरंच होतं. पंप बिघडला होता. पाणी दुसऱ्यांच्या खड्ड्यामुळे चढलं. दाब साहेबांनी वाढवला. ह्यातलं खोटं काहीच नव्हतं.

"पहिल्या सोमवारी जमलं नाही," ती म्हणाली. "दुसऱ्या सोमवारी मी टाळलं. तुझी कुरकुर नको म्हणून."

धाकटीनं तिच्याकडे पाहिलं. बहुधा एवढं खरं ऐकायची तिची तयारी नव्हती. लिफाफा घडी करून पिशवीत घातला आणि ती निघून गेली.

चौकशी महिनाभर चालली. मीटरबाईला तीन महिने कामावरून दूर ठेवलं, साहेबांची बदली झाली. भिंतीजवळचा पाइप कायमचा बुजवला, ओढ्याच्या जोडीला दुसरा ओढ्या आणला आणि तळघराच्या फरशीखालून वेगळे पाइप टाकून ते गच्चीच्या वर नेले. नवीन नियम झाला: ओढ्या मंदावला की फुंक्या आपोआप बंद. तो आधीच का नव्हता, असं एका म्हाताऱ्या रहिवाशानं गल्लीच्या नव्या सभेत विचारलं.  ह्या वेळच्या सभेत मीटरबाई मागच्या ओळीत बसली होती. कुणी तिला शिव्या दिल्या नाहीत, पण शेजारच्या दोन्ही खुर्च्या शेवटपर्यंत रिकाम्या राहिल्या.

तोवर बाइंडरकाकांनी दोन गल्ल्या सोडून तळमजल्यावरची एक खोली भाड्यानं घेतली होती. मोठी खिडकी, भरपूर उजेड. पण ओले चौदा कणे सुकून गेले होते ते गेलेच. ती पुस्तकं उसवून पहिल्यापासून शिवायची होती, आणि ग्रंथालयानं मुदत एकदाच वाढवून दिली होती. नवऱ्याकडून हे कळलं तेव्हा मीटरबाई एका रविवारी सकाळी तिकडे गेली. बोलावलं नव्हतं. दारात उभी राहिली तेव्हा काकांनी मान वर करून पाहिलं आणि बसायला पाट सरकवला. धाकटीनं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

"मला शिवायला येत नाही," मीटरबाई म्हणाली. "पण दाखवलं तर शिकेन."

हातातला गठ्ठा शिवून होईपर्यंत सुई चालूच राहिली. मग धाकटीनं मान न वळवता एक सुई, मेणाचा दोरा आणि पानांचा एक गठ्ठा तिच्यासमोर ठेवला. कुठून टोचायचं, कुठे गाठ मारायची, एकदा करून दाखवलं.  मीटरबाई शिवू लागली. सुई बोटात दोनदा घुसली. एक गठ्ठा संपायला पाऊण तास लागला.

धाकटीनं तो उचलला, खिडकीकडे धरला, पानं उघडून बघितली.

"हे उसव," ती म्हणाली. "सैल झालंय. परत शिव."

मीटरबाईनं गठ्ठा परत घेतला आणि पहिली गाठ सोडायला लागली.